गटाच्या एकदिवसीय सहलीसाठी चालकासह बस ठरवताना: आधी दिवस आखा, मग दर विचारा

सोसायटी, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ, भजनी मंडळ किंवा भिशीचा गट जेव्हा एका दिवसाच्या सहलीचे ठरवतो, तेव्हा बहुतेक वेळा पहिला फोन ट्रॅव्हल्सवाल्याला जातो आणि पहिला प्रश्न असतो, ‘सतरा सीटर काय पडेल?’ हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो फार लवकर विचारला जातो. किती माणसे, कुठून कुठे, किती वाजता निघून किती वाजता परत, हे ठरलेले नसताना मिळालेला दर केवळ अंदाज असतो आणि तो पुढे वाढतच जातो. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी माणसे मोजावीत, मग चालकाच्या घड्याळाप्रमाणे दिवस आखावा आणि त्यानंतरच दरासाठी फोन करावा. उदाहरणे पुण्याच्या आसपासची असली, तरी नाशिक, कोल्हापूर, ठाणे किंवा नागपूरच्या गटाला हीच पद्धत उपयोगी पडेल.

माणसे मोजणे आणि गाडीचा आकार ठरवणे

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला अंगठा म्हणजे नोंदणी नव्हे. ज्याने पैसे भरले तो येणार, एवढाच नियम ठेवावा आणि तो पहिल्याच संदेशात स्पष्ट लिहावा. माणशी वर्गणीचा साधारण निम्मा भाग आगाऊ घेतला की ‘बघू, जमलं तर येते’ म्हणणाऱ्यांची खरी संख्या आपोआप कळते. नोंदणी बंद करण्याची तारीख सहलीच्या किमान दहा दिवस आधीची असावी, कारण त्यानंतर गाडीचा आकार बदलणे अवघड होते आणि हिवाळ्यातल्या रविवारी तर अशक्यच होते.

बाजारात साधारणपणे तेरा, सतरा, वीस आणि सव्वीस आसनांचे टेम्पो ट्रॅव्हलर, त्यानंतर सत्तावीस ते पस्तीस आसनांची मिनिबस आणि मग पंचेचाळीस-एकोणपन्नास आसनांची मोठी बस मिळते. ‘सतरा अधिक एक’ म्हटले की सतरा प्रवासी आणि चालक, असा अर्थ असतो. नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेल्या आसनसंख्येत मात्र चालकही धरलेला असतो, त्यामुळे कागदावर अठराचा आकडा दिसला म्हणून अठरा प्रवासी बसवता येत नाहीत. क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी नेल्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे आणि जादा प्रवासी उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडली जात नाही. दंडाची रक्कम लहान वाटेल, पण घाटाच्या तोंडाशी तीन माणसांना खाली उतरवून त्यांच्यासाठी दुसरी गाडी शोधण्याची वेळ येते, हे लक्षात ठेवावे. लहान मुलांना मांडीवर धरण्याचा हिशेब करू नये. प्रत्येक मुलाची जागा धरावी.

ज्येष्ठांचा गट असेल तर आसनांपैकी दोन-तीन मोकळी राहतील अशी गाडी घ्यावी. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवावे लागते, एखाद्याला पाय लांब करून बसावे लागते आणि जेवणाचे डबे, पाण्याचे कॅन व सतरंज्या कुठेतरी ठेवाव्या लागतात. शेवटच्या रांगेत धक्के सर्वांत जास्त बसतात. पाठीचे किंवा मणक्याचे दुखणे असलेल्या व्यक्तीला तिथे बसवणे म्हणजे तिची सहल सुरू होण्याआधीच संपवणे होय. गाडीची पहिली पायरी बरीच उंच असते, म्हणून एक मजबूत लाकडी किंवा प्लास्टिकचे स्टूल बरोबर घ्यावे. या साध्या वस्तूने गुडघेदुखीच्या माणसांची जेवढी सोय होते, तेवढी महागड्या पुशबॅक सीटनेही होत नाही.

चौतीस माणसांसाठी दोन सतरा सीटर घ्याव्यात की एक मिनिबस, हा प्रश्न नेहमी येतो. माझे मत एकाच गाडीच्या बाजूचे आहे. दोन गाड्या म्हणजे दोन चालक, दोन वेळा चुकलेला रस्ता आणि प्रत्येक थांब्यावर एकमेकांची वाट पाहणे. जिथे मोठे वाहन पोचतच नाही, तिथे मात्र अपवाद करावा लागतो: अरुंद गल्लीतले देवस्थान, कृषी पर्यटन केंद्राकडे जाणारा एकेरी रस्ता किंवा खाली लोंबणाऱ्या तारा. ‘मोठी बस दारापर्यंत येते का आणि ती वळवायला जागा आहे का’, हे मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून स्वतः विचारावे. आपल्या सोसायटीच्या फाटकाबाबतही तेच पाहावे. माथेरानसारख्या ठिकाणी तर दस्तुरी नाक्यापुढे बस किंवा कार जात नाही, तेव्हा पुढच्या चालण्याचा विचार वय पाहून करावा.

चालकाच्या घड्याळाने दिवस आखणे

या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिलेली पायरी हीच आहे. आपण आपला दिवस सोसायटीच्या फाटकापासून मोजतो. चालकाचा दिवस त्याआधी गॅरेजमध्ये सुरू झालेला असतो आणि आपण घरी पोचून चहा घेत असतो तेव्हाही तो संपलेला नसतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि विश्रांती धरून कामाचा एकूण पसारा बारा तासांचा, असे माप घालून दिले. सहल आखणाऱ्याने हेच माप हातात धरावे.

पुण्यातल्या कोथरूडहून वाई, मेणवली, पाचगणी आणि महाबळेश्वर अशी एका दिवसाची सहल घेऊ. ही सहल सर्रास आखली जाते. गट पावणेसहाला जमतो, सहाला निघतो, वाईत ढोल्या गणपतीचे दर्शन घेतो, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट पाहतो, पसरणी घाट चढून पाचगणीला जेवतो, टेबल लँडवर फिरतो, महाबळेश्वरला दोन-तीन पॉइंट आणि बाजार करतो आणि रात्री साडेनऊला परततो. गटाच्या दृष्टीने हा भरगच्च दिवस झाला. आता चालकाकडून पाहा. पावणेसहाला फाटकावर हजर राहायचे म्हणून तो पाचला गॅरेजमधून निघाला, म्हणजे चारच्या आधी उठला. रात्री गाडी परत लावायला दहा वाजले. पाच ते दहा म्हणजे सतरा तास झाले, आणि त्यातला परतीचा प्रवास, पसरणी घाट आणि खंबाटकीच्या बोगद्यासह, अंधारात आणि थकव्यात झाला. आदल्या दिवशी त्याने लग्नाचे वऱ्हाड नेले असेल, तर हा हिशेब आणखी बिघडतो.

हाच दिवस महाबळेश्वर वगळून आखला तर काय होते ते पाहू. चालक साडेसहाला गॅरेज सोडतो, गट सातला निघतो, सव्वाआठच्या सुमारास नाश्त्याला अर्धा तास थांबतो आणि दहाच्या आसपास वाईत पोचतो. गणपती आणि कृष्णेचा घाट पाहून सव्वाअकराला मेणवली, साडेबाराला परत वाईत जेवण, पावणेदोनला पाचगणी. टेबल लँडवर सव्वा तास मिळतो. तीनला निघून, वाटेत चहा घेऊन, गट सहाला कोथरूडला आणि गाडी साडेसहाला गॅरेजमध्ये पोचते. एकूण पसारा बारा तासांचा होतो, प्रत्यक्ष गाडी चालवणे साडेसात तासांच्या आत राहते आणि परतीचा जवळजवळ सगळा रस्ता उजेडात संपतो. महाबळेश्वर पाहायचेच असेल, तर एक मुक्काम करावा. दोन्ही एका दिवसात करण्याचा हट्ट धरू नये.

वेळ काढताना नकाशाच्या अ‍ॅपवर दिसणारे तास हे कारचे असतात. मोठ्या प्रवासी वाहनांना ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा बसवलेली असते, घाटात गाडी सावकाश चढते आणि तीस माणसांचा ‘पाच मिनिटांचा’ थांबा वीस मिनिटांच्या आत कधीच आटोपत नाही. त्यामुळे अ‍ॅपच्या वेळेत किमान तिसरा हिस्सा मिळवावा. ज्येष्ठांच्या गटाला दर दीड-दोन तासांनी स्वच्छतागृहाचा थांबा लागतो. तो कोणत्या पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलात घ्यायचा, हे आधीच लिहून ठेवावे.

रात्रीच्या प्रवासाबद्दल मी आग्रहाने लिहितो. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे पुण्यातला कार्यक्रम आटोपून मुंबईकडे परतणाऱ्या गोरेगावच्या वादक पथकाची खाजगी बस बोरघाटात शिंग्रोबा मंदिराजवळ दरीत कोसळली आणि १३ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी १ जुलैला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खाजगी बसला आग लागून २५ प्रवासी गेले. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात, पण मध्यरात्र ते पहाट या वेळेत माणसाच्या डोळ्यांवर झोप येतेच, मग तो कितीही मुरलेला चालक असो. काजवे पाहण्याची सहल, कोजागिरी किंवा उशिरा संपणारा कार्यक्रम असेल, तर तिथेच मुक्काम करावा किंवा दुसरा चालक बरोबर घ्यावा आणि त्याचे पैसे आनंदाने द्यावेत. दुसरा चालक म्हणजे क्लीनर नव्हे. त्याच्याकडेही त्या गाडीचा वैध परवाना हवा.

अष्टविनायकासारखी यात्रा तर एका दिवसात आखूच नये. मोरगावपासून पालीपर्यंतची आठही स्थाने मिळून पुण्याहून साडेसहाशे किलोमीटरांच्या आसपास फेरा होतो आणि लेण्याद्रीच्या तीनशेच्या घरातल्या पायऱ्या चढायला गटाला वेळ लागतो. त्याउलट जेजुरी, मोरगाव आणि नारायणपूर ही सहल एका दिवसात निवांत होते.

पावसाळ्यात रस्त्याची खात्री वेगळी करावी. भोर-महाड मार्गावरचा वरंधा घाट पावसाळ्यात जड वाहनांना आणि प्रसंगी सगळ्याच वाहनांना बंद केला जातो. धबधबे आणि धरणांच्या परिसरातही जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या जिल्ह्यातली बातमी पाहावी.

गाडी कोणाकडून घ्यावी

स्वतःच्या गाड्या असलेला मालक, दुसऱ्यांच्या गाड्या लावून देणारा एजंट आणि एसटी, हे तीन मार्ग आहेत. एजंट वाईट असतो असे नाही, पण गाडी बंद पडली तर जबाबदार कोण, हे त्याच्या बाबतीत धूसर राहते. म्हणून सरळ विचारावे, ‘गाडी तुमची स्वतःची आहे का? नंबर आत्ता सांगू शकाल का?’ ज्याची गाडी आहे तो नंबर लगेच सांगतो.

एसटीचा मार्ग अनेकजण विसरतात. महामंडळाच्या आगारातून ‘प्रासंगिक करारा’वर संपूर्ण बस घेता येते; लग्नाची वऱ्हाडे आणि शाळांच्या सहली वर्षानुवर्षे अशाच जातात. शाळेच्या सहलींना त्यात ५० टक्के सवलत असते, म्हणून शिक्षकांनी आधी आगारव्यवस्थापकांना भेटावे. इथे भाडे माणशी तिकिटाप्रमाणे नसून बसच्या किलोमीटरप्रमाणे लागते, तेव्हा महिला किंवा ज्येष्ठांच्या तिकीट-सवलतीचा हिशेब मनात धरून बसू नये. गाडी साधी असते, पण चालक प्रशिक्षित असतो आणि बिघाड झाल्यास जवळच्या आगाराची मदत मिळते. पंचेचाळीस माणसांच्या गटासाठी हा पर्याय गांभीर्याने घ्यावा असा आहे. अर्ज मात्र लवकर करावा, कारण सणासुदीत आणि यात्रांच्या काळात आगारात गाडी शिल्लक राहत नाही.

दराची भाषा

आता फोन करावेत. किमान तीन ठिकाणी, आणि तिघांनाही अगदी तोच कार्यक्रम सांगून. दरात पुढील गोष्टी दडलेल्या असतात. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला ‘मिनिमम’ किलोमीटर धरले जातात, बहुधा २५० किंवा ३००. गाडी त्याहून कमी धावली तरी तेवढ्याचे पैसे लागतात. किलोमीटर आपल्या दारापासून नव्हे, तर गॅरेज ते गॅरेज मोजले जातात. दिवस बहुतेकदा रात्री बाराला संपतो, त्यामुळे साडेबाराला परतलेल्या गाडीचे दोन दिवस लागू शकतात. चालकाचा भत्ता, रात्रीचा भत्ता, टोल, पार्किंग आणि साधारणतः ५ टक्के जीएसटी हे वेगळे असते. टोलची रक्कम गाडीच्या आकाराप्रमाणे बदलते: मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १ एप्रिल २०२३ पासून पूर्ण अंतराचा एका बाजूचा टोल कारला ३२०, मिनिबसला ४९५ आणि मोठ्या बसला ९४० रुपये झाला. गाडी राज्याबाहेर, उदाहरणार्थ कोल्हापूरहून गोव्याला, जाणार असेल, तर तिथला परमिट आणि कर कोणाकडे, हे विचारावे.

वरच्याच पाचगणीच्या सहलीसाठी दोन दर आले, असे समजू. आकडे केवळ हिशेब दाखवण्यासाठी घेतले आहेत. पहिला म्हणतो, ‘२८ रुपये किलोमीटर, मिनिमम ३००, भत्ता ६००, टोल-पार्किंग आणि जीएसटी वेगळा.’ दुसरा म्हणतो, ‘सगळे धरून ९,५०० रुपये, २५० किलोमीटर आणि बारा तासांपर्यंत. पुढे किलोमीटरला ३५ आणि तासाला ३०० रुपये.’ गाडी गॅरेज धरून २४० किलोमीटर धावेल. पहिल्याकडे ३०० गुणिले २८ म्हणजे ८,४००, त्यात भत्ता मिळवून ९,०००, त्यावर जीएसटी ४५० आणि टोल-पार्किंगचे ७०० धरले तर १०,१५० रुपये होतात. दुसऱ्याकडे ९,५०० रुपयांतच काम होते. हीच सहल महाबळेश्वरपर्यंत वाढवून ३०० किलोमीटर आणि सतरा तासांची केली, तर पहिल्याचे भाडे जवळपास तेवढेच राहते, मात्र दुसऱ्याचे ५० किलोमीटरचे १,७५० आणि पाच तासांचे १,५०० मिळून १२,७५० होते. स्वस्त कोण, याचे उत्तर दिवस कसा आखला आहे यावर अवलंबून असते.

इथेच एक मोह आवरावा लागतो. मिनिमम ३०० किलोमीटरचे पैसे द्यायचेच आहेत, तर उरलेले साठ किलोमीटर ‘वसूल’ करू, असे गटातले कोणीतरी हमखास म्हणते. त्या साठ किलोमीटरची किंमत चालकाच्या दोन-तीन तासांत मोजली जाते, म्हणून संयोजकाने तिथे ठामपणे नाही म्हणावे.

तिघांत सर्वांत कमी दर देणाऱ्याला विचारावे की तो कमी कसा पडतो. गाडी जुनी असेल, वाटेत गिऱ्हाइकाकडेच डिझेलचे पैसे मागण्याची पद्धत असेल किंवा कागद अपुरे असतील. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मधला दर घ्यावा.

कागदपत्रे: दहा मिनिटांचे काम

भाड्याने चालणाऱ्या गाडीची नंबरपाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खाजगी नोंदणीची गाडी कितीही नवी आणि स्वस्त असली, तरी भाड्याने घेऊ नये. अपघात झाल्यास विमा कंपनीला भरपाई नाकारण्याचे कारण आपणच हातात दिलेले असते. गाडीचा नंबर मिळाला की सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर तो टाकून नोंदणीचा प्रकार व आसनसंख्या पाहावी आणि विमा, फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र), पीयूसी (प्रदूषण तपासणी) आणि परमिट यांच्या मुदती पाहाव्यात. प्रवासी गाडीचे फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करून घ्यावे लागते. सहलीच्या तारखेला मुदत शिल्लक आहे का, एवढेच पाहायचे असते, आणि शंका असल्यास मालकाकडून कागदाचा फोटो मागवावा. मोठ्या बसच्या चालकाकडे अवजड प्रवासी वाहनाचा परवाना हवा.

एसटीचा परमिट टप्प्याटप्प्याने प्रवासी घेण्याचा असतो, खाजगी बसचा तसा नसतो. ठरलेला गट घेऊन जायचा आणि तोच परत आणायचा, हा करार असतो. चालकाने वाटेत सुटे प्रवासी घेणे नियमाला धरून नाही आणि सुरक्षितही नाही. टूरिस्ट परमिटच्या गाडीत प्रवाशांची यादी असावी लागते. नाव, वय आणि घरच्या व्यक्तीचा फोन अशी यादी करून तिच्या तीन प्रती काढाव्यात: एक चालकाकडे, एक संयोजकाकडे आणि एक घरी राहिलेल्या जबाबदार सदस्याकडे.

गाडी प्रत्यक्ष पाहणे

जमल्यास गॅरेजमध्ये जाऊन गाडी पाहावी. नाहीतर चालत्या गाडीचा आतला-बाहेरचा व्हिडिओ मागवावा. आसनांचे कापड नंतर पाहावे. आधी टायर पाहावेत: नक्षी झिजून गुळगुळीत झाली आहे का, बाजूला चिरा आहेत का, स्टेपनीत हवा आहे का. आणीबाणीचे दार स्वतः उघडून बघावे. अनेक गाड्यांत ते शेवटच्या रांगेच्या मागे असते आणि त्याच्यासमोर सामान रचलेले असते किंवा कडी गंजून घट्ट बसलेली असते. अग्निशामक नळकांडे जागेवर आहे का, त्यावरची तारीख काय आणि काच फोडण्याची हातोडी खरोखर लावलेली आहे की नुसती तिची जागा रिकामी आहे, हे बघावे. मालकासमोर दार उघडून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाकडे चांगली गाडी पाठवली जाते, असा माझा पक्का समज आहे. उन्हाळा असेल तर एसी इंजिन चालू ठेवून दहा मिनिटे तपासावा आणि घाटात तो बंद करणार का, तेही विचारून घ्यावे.

ठरलेले सगळे लिहून पाठवणे

तोंडी बोलणे झाल्यावर लगेच एक संदेश लिहून पाठवावा आणि त्यावर ‘मान्य’ असे उत्तर मागावे. नमुना असा:

‘नमस्कार. रविवार, १८ जानेवारी रोजी कोथरूड ते वाई, मेणवली, पाचगणी आणि परत अशा प्रवासासाठी आपली वीस आसनी एसी गाडी (नंबर कळवावा) ठरली आहे. गाडी सकाळी ६.४५ ला फाटकावर यावी, परत सायंकाळी ६. भाडे रु. ९,५००, त्यात डिझेल, चालक भत्ता, टोल, पार्किंग आणि जीएसटी समाविष्ट. मर्यादा २५० किलोमीटर व १२ तास, गॅरेज ते गॅरेज. पुढे प्रति किलोमीटर रु. ३५, प्रति तास रु. ३००. चालकाला आदल्या रात्री किमान आठ तास विश्रांती मिळालेली असावी. ठरलेली गाडी बदलायची झाल्यास आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवावे व बदली गाडी त्याच क्षमतेची, वैध परमिटची असावी. वाटेत बिघाड झाल्यास दोन तासांत पर्यायी गाडी द्यावी. न दिल्यास आम्ही घेतलेल्या गाडीचा खर्च भाड्यातून वजा होईल. विसार रु. ३,००० आज पाठवला आहे. आम्ही सात दिवस आधी रद्द केल्यास पूर्ण परत, त्यानंतर निम्मा.’

काही मालक बिघाडाच्या अटीवर घासाघीस करतात. दोनाचे तीन तास झाले तर चालेल, पण अट काढून टाकू नये. गाडी बदलण्याची अट आमच्या गटाने एका पहाटेनंतर घातली. ठरलेल्या वीस आसनीऐवजी सतरा आसनी गाडी फाटकावर उभी होती, एकोणीस माणसे तयार होऊन खाली आली होती आणि मालकाचा फोन बंद होता. त्या वेळी हातात लेखी काहीच नसले की समोर येईल ते मान्य करावे लागते.

विसार चौथाई ते एकतृतीयांशपेक्षा जास्त देऊ नये, तो यूपीआयने द्यावा आणि पावती घ्यावी.

आदला दिवस आणि निघण्याची सकाळ

आदल्या दिवशी दुपारी मालकाला आणि संध्याकाळी चालकाला फोन करावा. चालकाचे नाव, नंबर, गाडीचा नंबर आणि फाटकाचे लोकेशन यांची देवाणघेवाण करावी. बोलताना सहज विचारावे, ‘दादा, आज कुठे होतात? परत कधी आलात?’ पहाटे तीनला शिर्डीहून परतलो, असे उत्तर आले तर मालकाला तत्काळ दुसरा चालक मागावा. हा प्रश्न कोणालाही अपमानास्पद वाटत नाही. उलट, आपली कोणी चौकशी केली याचे चालकाला बरेच वाटते.

सकाळी गाडी आली की नंबर जुळवावा आणि सुरुवातीच्या किलोमीटर रीडिंगचा फोटो काढावा. गॅरेजमधून निघतानाचे रीडिंग चालकाने लिहून आणलेले असते. तेही बघून घ्यावे. गणपती बाप्पा मोरया म्हणण्याआधी संयोजकाने दोन मिनिटे घेऊन आणीबाणीचे दार आणि अग्निशामक कुठे आहे, ते सगळ्यांना दाखवावे. आसनाला पट्टे असतील तर बांधायला सांगावेत. दोन-दोन जणांच्या जोड्या लावून द्याव्यात, म्हणजे प्रत्येक थांब्यानंतर ‘माझी जोडी आली’ एवढे सांगितले की मोजणी होते. गाडी लागणाऱ्यांच्या गोळ्या निघण्याच्या अर्धा तास आधी घ्यायच्या असतात. घाट सुरू झाल्यावर त्यांचा उपयोग होत नाही. आवळा सुपारी, लिंबू आणि कागदी पिशव्या एका हाताशी असलेल्या पिशवीत ठेवाव्यात.

प्रवासात

चालकाशी एकानेच बोलावे. कोणी म्हणते एसी वाढवा, कोणी म्हणते गाणी लावा, कोणी वाटेतल्या शेतातली ताजी स्ट्रॉबेरी पाहून थांबायला सांगते, आणि या गोंधळात चालकाचे लक्ष रस्त्यावरून उडते. घाटात गाणी आणि भेंड्या हळू आवाजात, आणि उभे राहून नाच कधीच नाही.

चालकाचे जेवण गटाबरोबर आणि वेळेवर व्हावे. ‘तो बघेल कुठेतरी’ असे म्हणून त्याला गाडीत सोडणे शोभत नाही. गट वाडा किंवा टेबल लँड पाहत असताना त्याला गाडीत तासभर पडता येईल, याची मोकळीक द्यावी. त्या वेळी सामान काढण्यासाठी वारंवार दार उघडायला लावू नये. दारू प्यायलेल्या चालकाची गाडी घेऊन एक किलोमीटरही पुढे जाऊ नये, मग परत येण्याची वेळ कितीही चुको. वेग जास्त वाटल्यास पहिल्यांदा शांतपणे सांगावे, दुसऱ्यांदा मालकाला फोन लावून द्यावा.

गाडी बंद पडली तर सर्वांना डाव्या बाजूने उतरवून कठड्यापलीकडे, गाडीपासून दूर उभे करावे. गाडीत किंवा गाडीच्या मागे कोणीही थांबू नये. मागे बऱ्याच अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवायला सांगावा. आणीबाणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक किमान तिघांच्या फोनमध्ये असावेत.

हिशेब मिटवणे

परत आल्यावर गाडी सोडण्यापूर्वी आसनांखाली, वरच्या फळीवर आणि डिकीत एकदा बघावे. चष्मे, काठ्या आणि डबे हमखास राहतात. शेवटच्या रीडिंगचा फोटो काढावा, त्यात गॅरेजपर्यंतचे ठरलेले किलोमीटर मिळवावेत आणि टोल वेगळा ठरला असेल तर फास्टॅगच्या नोंदी मागाव्यात. उरलेली रक्कम मालकाच्याच खात्यावर भरावी, चालकाच्या हातात रोख देऊ नये. बक्षीस मात्र चालकाच्या हातात, सर्वांसमोर द्यावे आणि ते भाड्यात धरू नये. दोन दिवसांत वर्गणी, भाडे, जेवण आणि शिल्लक यांचा हिशेब ग्रुपवर टाकावा आणि त्याच संदेशात गाडीचा नंबर व चालकाचे नाव नोंदवावे, म्हणजे पुढच्या वेळी मालकाला ‘याच चालकाला पाठवा’ असे सांगता येते.